पाँटून की बो-रायडर?

मिनेसोटाची ओळखच ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ अशी. मिनियापोलिसच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबात बोट घ्यायचा विषय निघाला, की बहुधा दोन पर्यायांवर येऊन ठेपतो.

बो-रायडर दिसायला देखणी. तळ इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, त्यामुळे ती लाट कापत जाते. पुढे नाळेतही बसायला जागा असते आणि वीस फुटी बोट ताशी ४० मैलांचा वेग सहज गाठते. दोरीला बांधलेल्या ट्यूबवर उसळ्या खायच्या असलेल्या मुलांचं मत हिलाच. पाँटून म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन लांब नळकांड्यांवर तरंगणारी ओसरी. मूळही मिनेसोटातलंच: १९५२ मध्ये रिचमंड गावच्या अँब्रोस वीरेस या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी फळ्यांचा तराफा बसवला.

विक्रेता आधी हॉर्सपॉवर सांगतो. ऐकून घ्यावं, पण आधी हे ठरवावं की बोटीत चढणार कोण. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. बो-रायडरमध्ये शिरायचं तर हलत्या काठावरून पाय टाकायचा, गादीवर ठेवायचा आणि मग खाली उतरायचं. गुडघे धरलेल्या आईला हे जमत नाही. एकदा तोल गेला की ती पुन्हा येत नाही, धक्क्यावरच बसून राहते. पाँटूनचं फाटक धक्क्याच्या जवळपास बरोबरीने उघडतं. आत सपाट जमीन, भोवती कठडा, मध्ये डबे उघडायला टेबल.

पण पाँटूनला वारा फार लागतो, धक्क्याला लावताना ती भलतीकडेच सरकते. शनिवारी दुपारी लेक मिनेटोन्कावर मोठ्या बोटींच्या लाटा उसळत असतात. अशा वेळी सगळे पुढे बसलेले असताना एकदम वेग कमी केला, तर पाणी थेट पायाशी येतं. लेक सुपीरियरसारख्या समुद्रासमान पाण्यावर ती नेऊच नये. तीन नळकांड्यांची ट्रायटून घेतली आणि इंजिन दीडशे हॉर्सपॉवरचं असलं, तर लाटाही बऱ्या सोसतात आणि मुलांची ट्यूबही ओढता येते. अर्थात किंमत वाढते.

थंडीचा हिशेबही धरा. बऱ्याच बो-रायडरना इंजिन आत असतं. त्यातलं पाणी हिवाळ्यापूर्वी काढलं नाही, तर गोठून ब्लॉकला तडा जातो. पाँटूनचं आउटबोर्ड इंजिन उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळतं.

बोट कोणतीही असो, चालत्या बोटीत १० वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट मिनेसोटाच्या कायद्यानेच सक्तीचं आहे. पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही ते घालाच. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणालाही बसू देऊ नका. तिथे पंखा असतो आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही.

मुलं मोठी, पोहणारी आणि वेगाची हौस असलेली असतील, तर बो-रायडर घ्यावी. तीन पिढ्या एकत्र निघणार असतील, तर माझं मत पाँटूनला. तरी पैसे भरण्याआधी दोन्ही एकेक दिवस भाड्याने घेऊन पाहा, आणि तेही शनिवारी दुपारी, आईला सोबत घेऊन.