बिऱ्हाड हलवताना विश्वास कागदावर ठेवा!

आपले वाडवडील गाव सोडून मुंबईला आले तेव्हा त्यांचे सारे बिऱ्हाड एका पत्र्याच्या पेटीत आणि एका गाठोड्यात मावत होते. ते त्यांनी डोक्यावरून आणले. आज आपल्या घरात फ्रीज आहे, लोखंडी कपाट आहे, मुलांचा कॉम्प्युटर आहे. यातली एकेक वस्तू हप्ते भरून, ओव्हरटाइम करून घेतलेली. बदली झाली, निवृत्ती आली किंवा चाळ सोडून ब्लॉकमध्ये जायचे ठरले की हे सारे परक्या माणसाच्या हवाली करावे लागते. तो माणूस कसा निवडायचा, याचा विचार मात्र आपण घाईघाईत करतो.

आमच्या विहारात येणाऱ्या एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. गृहस्थ निवृत्त झाले आणि चेंबूरहून नाशिकला निघाले. सामान हलवणाऱ्या एका कंपनीने घर न पाहताच फोनवर १२ हजार रुपये सांगितले. इतरांपेक्षा स्वस्त म्हणून यांनी होकार दिला. गाडी भरून झाली आणि भाषा बदलली. "सामान जास्त निघाले, २१ हजार द्या, नाहीतर गाडी गोडाऊनला जाईल." रात्रीचे नऊ वाजलेले, घर रिकामे, सुनेच्या कडेवर लहान मूल. शेजाऱ्यांकडून उसने घेऊन पैसे भरले. नाशिकला टीव्ही फुटलेला निघाला. विम्याच्या नावाखाली पैसे घेतले होते, पण पॉलिसी कुठेच नव्हती. हातात पुरावा काय? व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक आकडा!

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. महायुद्धात ते जहाज बुडाले. गेलेली पुस्तके परत मिळाली नाहीत. पण थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये नुकसानभरपाई मिळाली आणि त्या पैशातून बडोद्याला जाण्याची सोय झाली. माल रीतसर सोपवलेला असेल तर संकटातही काही हाती लागते, ते असे.

म्हणून पहिली गोष्ट, किमान तीन ठिकाणी चौकशी करा आणि प्रत्येकाला घरी येऊन सामान पाहायला सांगा. न पाहता भाव सांगणारा पुढे भाव वाढवणार, हे धरून चाला. कोटेशन लेखी घ्या. त्यात बांधणी, हमाली, मजले, टोल, पलंग-कपाट उघडणे व जोडणे, जीएसटी आणि सामान पोहोचवण्याची तारीख हे सारे असावे.

दुसरी गोष्ट, कंपनीचा पत्ता प्रत्यक्ष जाऊन पाहा. कोटेशनवरचे नाव, पावतीवरचे नाव आणि बँक खात्याचे नाव एकच आहे का, ते तपासा. नामांकित कंपनीशी मिळतेजुळते नाव लावून फसवणारे बरेच आहेत. जो बिलात जीएसटी लावतो त्याच्याकडे १५ अक्षरी नंबर असलाच पाहिजे. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर तो टाकला की मालकाचे नाव दिसते. घरातल्या शिकलेल्या मुलीला हे काम सांगा, पाच मिनिटांत होते. मालवाहतूकदाराची नोंदणी २००७ च्या कायद्याने सक्तीची केली असून तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट, सामानाची यादी. प्रत्येक खोक्याला नंबर द्या. यादीत वस्तू, तिची किंमत आणि आधीचा ओरखडा-पोचा लिहा. दोघांच्या सह्या घ्या, मोबाईलवर फोटो काढा. गाडीचा नंबर टिपा. विम्याचे पैसे दिले असतील तर विमा कंपनीची पॉलिसी आपल्या नावाने हातात घ्या.

चौथी गोष्ट, सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडी आगाऊ, काही गाडी भरल्यावर आणि उरलेली सामान उतरवून मोजल्यावर द्या. खोकी उघडून पाहिल्याशिवाय "माल सुस्थितीत मिळाला" यावर सही करू नका. मोडतोड असेल तर त्याच कागदावर लिहा. नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांत वाहतूकदाराला गेली पाहिजे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सामान अडवून पैसे उकळू लागला तर सरळ पोलीस ठाणे गाठा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही गाडीत टाकू नका. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, मुलांच्या गुणपत्रिका आणि आजोबांचा १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला आपल्या पिशवीत, आपल्या खांद्यावर ठेवा. फ्रीज पुन्हा घेता येईल. तो पिवळा पडलेला कागद हरवला तर नातवाच्या प्रवेशाला आणि नोकरीला अडचण येईल. दागिने आणि रोख रक्कमही जवळच ठेवा.

आणि कपाट पाठीवर घेऊन चार मजले उतरणारा हमाल आपलाच कष्टकरी भाऊ आहे, हे विसरू नका. त्याच्यासारख्यांच्या लढ्यातूनच १९६९ चा माथाडी कायदा झाला. फसवणारा असतो तो मालक किंवा दलाल. हमालाला पाणी, चहा आणि दोन गोड शब्द द्यावेत.

नव्या घरात पहिल्या संध्याकाळी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडून वंदना घ्याल, तेव्हा यादीतल्या शेवटच्या खोक्यापुढेही बरोबरची खूण झालेली असावी.

जयभीम!