रेण्वीय चाळण्या आणि वैद्यकीय प्राणवायू : पवई येथील प्रयोगाच्या संदर्भात

प्रस्तावना :
एप्रिल 2021 मध्ये कोविड-19 च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचा तुटवडा ही महाराष्ट्रातील रुग्णालयांपुढील अत्यंत गंभीर समस्या ठरली. दहिसर व मुलुंड येथे जुलै 2020 मध्ये सुरू झालेली जंबो कोविड केंद्रे असोत वा तालुक्याची रुग्णालये, अत्यवस्थ रुग्णाचे जीवन अखंड पुरवठ्यावर अवलंबून होते. 21 एप्रिल रोजी नाशिक येथे साठवण टाकीच्या गळतीमुळे पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. याच महिन्यात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने नत्रवायूनिर्मितीच्या यंत्रातून प्राणवायू मिळवून दाखविला. हे कसे शक्य झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यतत्त्व :
हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायू, 21 टक्के प्राणवायू व जवळपास 1 टक्का आरगॉन असतो. दाबाखालील हवा सच्छिद्र पदार्थाने भरलेल्या मनोऱ्यातून सोडल्यास एक वायू पदार्थाच्या पृष्ठभागावर धरला जातो व दुसरा पुढे निघून जातो. दाब कमी करताच धरलेला वायू सुटतो. दोन मनोरे आळीपाळीने वापरल्यास पुरवठा अखंड राहतो.

कोणता वायू हाती येईल, हे मनोऱ्यातील पदार्थ ठरवितो. कार्बनच्या चाळणीत छिद्रे इतकी अरुंद असतात की किंचित लहान असलेला प्राणवायूचा रेणू आत लवकर शिरतो. त्यामुळे नत्रवायू बाहेर मिळतो. झिओलाइटच्या बाबतीत मात्र ‘चाळणी’ हे नाव काहीसे फसवे आहे. त्याच्या छिद्रांत दोन्ही रेणू शिरतात. परंतु त्यातील सोडियम, कॅल्शियम वा लिथियमचे धनभारित आयन नत्रवायूला अधिक जोराने आकर्षितात आणि प्राणवायू पुढे जातो.

पवईचा प्रयोग :
प्रा. मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स व स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्या सहकार्याने, यंत्रातील कार्बनच्या जागी झिओलाइट भरण्यात आले. 3.5 वातावरण दाबास 93 ते 96 टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळाला. आरगॉन प्राणवायूसोबतच बाहेर पडत असल्याने या पद्धतीत शुद्धता यापुढे सहसा जात नाही. तथापि युरोपीय व अमेरिकी औषधकोशांत ‘93 टक्के प्राणवायू’ उपचारासाठी मान्य आहे.

मर्यादा :
झिओलाइट पाण्याची वाफ नत्रवायूपेक्षाही घट्ट धरून ठेवते. हवा आधी कोरडी व तेलविरहित न केल्यास त्याची क्षमता घटते आणि शुद्धता नकळत खालावते. म्हणून गाळण्या बदलणे व शुद्धतेची नियमित मोजणी करणे ही केवळ यंत्रदुरुस्ती नसून रुग्णसेवेचाच भाग होय.

निष्कर्ष :
दख्खनच्या बेसाल्टमध्ये नैसर्गिक झिओलाइट विपुल आढळतात. संयंत्रांत मात्र प्रामुख्याने कृत्रिम झिओलाइट वापरतात. धातू-सेंद्रिय सच्छिद्र संरचनांसाठी कितागावा, रॉबसन व याघी यांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्याने अशा पदार्थांकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. तथापि प्रयोगशाळेतील छिद्राचे रुग्णशय्येपाशी मोल ठरते ते पदार्थाची योग्य निवड व त्याची सातत्याने निगा, या दोहोंमुळेच.