कोरड्या डोंगरांची वाट

प्रवास म्हटला कीं आपल्या कुटुंबांत काशी-रामेश्वराची, फार तर महाबळेश्वराची कल्पना निघते. शिरूर-दौंडकडील उघड्याबोडक्या टेकड्यांतून पायीं हिंडावें, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होऊन मेघ इकडे येतात. लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर येथें ५०० च्या आसपास. तथापि पाण्याचें मोल मुलांस शिकवावयाचें असेल, तर याच वाटेनें जावें, असें आमचें मत आहे.

प्रारंभ पाबळापासून करावा. मस्तानीची समाधि पाहून विज्ञान आश्रमाकडे वळावें. १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनीं हें दुष्काळी गांव मुद्दाम निवडून, हातांनीं काम करीत शिकण्याची शाळा येथें काढली. भूमीचा विद्युत्-रोध मोजून तिच्या पोटांतील पाण्याचा अदमास घेणें, हाहि तेथील शिक्षणाचाच भाग होय.

पुढें कान्हूर मेसाईच्या माळांवरून शिरूर गांठून घोडनदीच्या कांठाकांठानें इनामगांवास जावें. येथें डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन करून इ. स. पू. १६०० ते ७०० पर्यंतची कृषकांची वसाहत उजेडांत आणिली. नदीच्या पुराचें पाणी वळवून घेणारा पाट त्या लोकांनीं खणला होता! त्यांचीं घरें ऐसपैस, चौकोनी होतीं. परंतु इ. स. पू. १००० च्या सुमारास दिवस पालटले. शेती खालावली, शिकार व पशुपालन यांवर भिस्त वाढली. चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटीं गांव ओस पडलें. वाढत जाणारें अवर्षण हें याचें कारण होय, असें ढवळीकरांचें प्रतिपादन आहे.

तेथून भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत यावें आणि यवतजवळील भुलेश्वराचा डोंगर चढावा. यादवकालीन मंदिरांतील स्त्रीरूप गणेशाची मूर्ति अवश्य पाहावी. मग बाहेर येऊन खालीं दृष्टि टाकावी. खडकवासल्याच्या कालव्यानें भिजलेला हिरवागार ऊंस एकीकडे आणि तांबूस, कोरडा माळ दुसरीकडे. इनामगांवचा तो पाट व हा कालवा, दोन्ही एकाच गरजेपोटीं जन्मले. ऊंस मात्र फार पाणी पितो, आणि कडक उन्हाळ्यांत माळावरच्या कित्येक गांवांस टँकरची वाट पाहावी लागते. इनामगांव पाहून आलेल्यास हें दृश्य नुसतें रमणीय वाटणार नाहीं.

हा प्रवास मार्गशीर्ष-पौषांत करावा. वैशाखांत करूं नये. या मुलखांत वाटसरूनें पाणी मागितलें तर कोणी नाहीं म्हणत नाहीं. नेमकें म्हणूनच आपलें पाणी आपण बरोबर बाळगावें.