एलबीटीचा धडा: २०१४ मध्ये मतदारांनी काय नाकारलं, आणि आपण काय विसरलो

नागरिकशास्त्राच्या तासाला महापालिकेचं उत्पन्न कुठून येतं, हे आम्ही नववीच्या मुलांना सांगत होतो. जुन्या शहरातली मुलं. कुणाच्या अब्बांचं किराणा दुकान, कुणाच्या चाचांचा भंगारचा धंदा, कुणाच्या घरी शिलाईचं काम. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, जो टॅक्स बंद करतो म्हणेल त्यालाच मत द्यायचं ना? त्यात आपलं नुकसान काय?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका तासात संपलं नाही. कारण हे आपल्या राज्यात खरंच घडून गेलं आहे. त्या कराचं नाव होतं एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. आजच्या नववीतल्या मुलांना तो आठवायचं कारण नाही. त्यांच्या अब्बांना मात्र चांगला आठवत असेल.

एलबीटी म्हणजे नेमकं काय होतं?

पूर्वी महापालिकांच्या हद्दीवर जकात नाके असत. माल शहरात आला की ट्रक नाक्यावर थांबायचा, जकात भरायची आणि पुढे जायचं. त्यात रांगा होत्या, वेळ जायचा, चिरीमिरीच्या तक्रारी होत्या. जकात नको, ही मागणी व्यापाऱ्यांचीच जुनी मागणी होती.

काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या सरकारनं २०१० पासून टप्प्याटप्प्यानं जकातीच्या जागी एलबीटी आणला. १ एप्रिल २०१३ पासून पुणे, नागपूर, ठाणे अशा मोठ्या शहरांतही तो लागू झाला. मुंबईत जकातच राहिली, बाकीच्या महापालिका एलबीटीत आल्या. त्यात आपलं अकोलाही होतं आणि अमरावतीही.

विचार कागदावर वाईट नव्हता. नाका नाही, रांग नाही. व्यापाऱ्यानं नोंदणी करायची, बाहेरून आणलेल्या मालाचा हिशेब ठेवायचा, कर स्वतःच काढून बँकेत भरायचा आणि विवरणपत्र द्यायचं. पैसा थेट महापालिकेच्या तिजोरीत. म्हणजे रस्ते, दिवाबत्ती, दवाखाने आणि शाळांसाठी शहराला मुंबईच्या तोंडाकडे बघावं लागू नये.

मग लोक भडकले कशावर?

आमच्या समजुतीप्रमाणे दरावर कमी आणि पद्धतीवर जास्त.

जकातीत कराचा झगडा नाक्यावर आणि ट्रकवाल्याजवळ संपत होता. छोट्या दुकानदारापर्यंत माल यायचा तेव्हा कर भरून झालेला असायचा. एलबीटीनं तोच झगडा उचलून दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत आणला. आता वही त्यानं ठेवायची, पावत्या त्यानं सांभाळायच्या, चूक झाली तर दंडही त्यालाच. अधिकाऱ्यांना दुकानात येऊन तपासणी करायचा अधिकार होता. ज्या माणसाचं दुकान उधारीच्या वहीवर चालतं, त्याला दोन-चार रुपयांच्या करापेक्षा दारात उभ्या राहणाऱ्या साहेबाची भीती मोठी वाटते. वर व्हॅटचं काम आधीपासून होतंच. एकाच मालासाठी दोन कार्यालयं आणि दोन हिशेब झाले.

२०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्यांचं म्हणणं होतं की कर घ्यायचाच तर व्हॅटमध्येच थोडा वाढवून एकाच ठिकाणी घ्या. तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मागे हटले नाहीत. भाजपनं हीच नस पकडली. सत्तेत आलो तर एलबीटी रद्द करू, असं आश्वासन दिलं.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. लोकसभेत राज्यातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २ आणि राष्ट्रवादीला ४ मिळाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये विधानसभेत काँग्रेस ८२ वरून ४२ वर आली, राष्ट्रवादी ६२ वरून ४१ वर. भाजपला १२२ जागा मिळाल्या. पंधरा वर्षांची सत्ता गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. एकट्या एलबीटीनं सरकार पडलं, असं म्हणणं खोटं होईल. मोदी लाट होती, सिंचन आणि आदर्शचे आरोप होते, विधानसभेआधी युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या. आपल्या अकोला पश्चिममध्ये तर भाजपचे गोवर्धन शर्मा आधीपासूनच निवडून येत होते, २०१४ मध्येही तेच आले. पण शहरी महाराष्ट्रात "हे सरकार आपलं ऐकत नाही" ही भावना पक्की करण्यात एलबीटीचा हात मोठा होता.

त्या वेळी आपण काय बोलत होतो?

आठवून बघा. आपल्या मोहल्ल्यात तेव्हा चर्चा कशाची होती? मतं फुटणार का, सेक्युलर उमेदवार कोण, एमआयएम आली तर काय. या चर्चा गरजेच्या होत्या, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण एलबीटी हा "मोठ्या शेठ लोकांचा मामला" म्हणून आपण बाजूला टाकला. खरं तर मोर्णेच्या या काठावर जे धंदे चालतात, त्यांतले कितीतरी बाहेरून माल आणणारेच आहेत. फायदा असो की नुकसान, ते आपलंही होतं. ना आपण सरकारला सांगितलं की छोट्या दुकानदाराला ही वही झेपत नाही, ना हा पैसा गेल्यावर शहराचं काय होईल हे कुणाला विचारलं.

दूरच्या देशातही हेच

मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात लेबर पक्ष हरला. हाही गरिबांसाठी, शिक्षण-आरोग्यासाठी जास्त खर्च करू म्हणणारा पक्ष. बहुतेक चाचण्यांत तो पुढे होता. शेअर्सच्या लाभांशावर काही लोकांना मिळणारा कराचा रोख परतावा बंद करायचा आणि भाड्यासाठी घरं घेणाऱ्यांची करसवलत कमी करायची, असे त्याचे प्रस्ताव होते. विरोधकांनी त्याला "निवृत्तांवरचा कर" म्हटलं. वारसा कर येणार अशी खोटी अफवाही पसरली.

हरल्यावर पक्षानं स्वतः चौकशी केली. त्यात निघालं ते विचार करण्यासारखं आहे. ज्या सधन लोकांना हा कर लागणार होता, ते फारसे दूर गेले नव्हते. दूर गेले ते कमी कमाईचे, नोकरीची खात्री नसलेले लोक. त्यांना तो कर लागणारही नव्हता. पण घोषणा इतक्या आणि इतक्या गुंतागुंतीच्या होत्या, की यातलं काहीतरी आपल्या डोक्यावर पडणार, असं त्यांना वाटलं.

म्हणजे कर श्रीमंतावर असला तरी समजावून सांगितला नाही, तर भीती गरिबाच्या घरापर्यंत पोहोचते.

एलबीटी गेल्यावर काय झालं?

नव्या सरकारनं शब्द पाळला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी बंद झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेला एलबीटी, मुंबईची जकात, सगळंच संपलं. दुकानदारांनी सुटकेचा श्वास घेतला. तो खोटा नव्हता.

पण शहराचा खर्च थांबला नाही. आता महापालिकांना राज्य सरकारकडून जीएसटीची भरपाई मिळते. कायद्यात दर वर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. पैसा येतो, पण स्वतःचा नळ गेला, दुसऱ्याच्या टाकीवर बसावं लागलं. महापालिकेच्या हातात मोठा असा एकच कर राहिला, मालमत्ता कर. हा घरावर असतो आणि भाडेकरूकडून भाड्यात वसूल होतो.

अकोल्यात २०१७ मध्ये महापालिकेवर भाजपची सत्ता आली. त्याच काळात मालमत्ता करवाढीवरून आंदोलनं झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. एलबीटीविरुद्ध बोलून सत्तेत आलेल्या पक्षालाही शहर चालवायला कर लागलाच, आणि न समजावलेल्या कराला विरोधही झालाच.

मग त्या मुलाला काय उत्तर द्यायचं?

आम्ही त्याला सांगितलं, बेटा, टॅक्स बंद करतो म्हणणाऱ्याला मत देणं हा गुन्हा नाही. पण आधी तीन प्रश्न विचार. हा पैसा येणं थांबलं तर त्या जागी कुणाकडून येणार? आपल्या वॉर्डातलं कोणतं काम या पैशावर चालतं? आणि नवा कर आणणार असाल तर छोट्या माणसाची वही कोण लिहिणार, दंड किती, दाद कुठे मागायची?

हे प्रश्न काँग्रेसच्या उमेदवारालाही विचारायचे, भाजपच्याही आणि एमआयएमच्याही. मतासाठी उमेदवार मोहल्ल्यात येतात तेव्हा सलाम-दुआ, हार-तुरे, चहा सगळं होतं. त्या चहाच्या वेळातच हे विचारता येतं. आणि घरात मालमत्ता कराची पावती असेल तर ती एकदा मुलांसमोर उघडून बघा. त्यात कोणकोणते कर वेगळे लिहिलेले असतात, हे बऱ्याच मोठ्यांनीही वाचलेलं नसतं.

मुलानं शेवटी विचारलं, "पण सर, उत्तर दिलं नाही तर?" आम्ही म्हणालो, तेही एक उत्तरच समज.