संगणकाच्या तारेची नाडीपरीक्षा



शाळेच्या संगणकखोलीत दहा यंत्रे आहेत असे समजा. नऊ चालतात, दहाव्यावर मात्र इंटरनेट येत नाही. त्याच्यापुढची मुले हात बांधून बसतात. आपण काय करतो? 'यंत्र बिघडले' म्हणतो आणि तालुक्याहून माणूस बोलावतो. तो येईपर्यंत आठवडा जातो, वर पैसे जातात ते निराळेच. पुष्कळदा दोष यंत्रात नसतोच मुळी. तो असतो तारेत. हा दोष तुम्हांला स्वतःला शोधता येतो, बरे का! त्यासाठी तळहातावर मावणारे एक साधे उपकरण मिळते. त्याला केबल टेस्टर म्हणतात.

आधी तार समजून घेऊ. बाहेरून ती एकच दिसते, पण आत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. दोरीला पीळ देतात तो मजबुतीसाठी. इथे कारण निराळे आहे. आसपासच्या विजेचा उपद्रव जोडीतल्या दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच लागतो. यंत्र त्या दोहोंतला फरक तेवढा वाचते, म्हणून उपद्रव वजा होऊन जातो. बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचे पेटंट १८८१ साली घेतले होते.

टोकाच्या प्लगमध्ये या तारा ठराविक क्रमाने बसतात. नेहमीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा.

आता तपासणी. टेस्टरचे दोन भाग असतात. तारेची दोन्ही टोके संगणकातून आणि स्विचमधून काढून घ्या, कारण चालू जोडणीला टेस्टर कधीही लावू नये. एक टोक मोठ्या भागात, दुसरे छोट्या भागात घाला आणि बटण दाबा. मोठ्या भागावर १ ते ८ दिवे एकामागून एक लागतात. छोट्या भागावरही तेच दिवे त्याच क्रमाने लागले, तर आठही तारा सलग आहेत.

समजा, छोट्या भागावर ३ चा दिवा लागलाच नाही. मग तिसरी तार तुटली आहे किंवा प्लगमध्ये नीट बसलेली नाही. इकडे १ लागताना तिकडे २ लागला, तर तारांची अदलाबदल झाली आहे. दोन दिवे एकदम मंद लागले किंवा दोन्ही विझलेले राहिले, तर त्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या असाव्यात. दिवा मधूनच लागतो, मधूनच जातो? मग प्लगजवळ तार हळूच हलवून पाहा. ढिली जागा तिथेच सापडेल.

दोष बहुधा टोकाशी असतो. तो प्लग कापून नवा बसवावा. पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये. टोके ठीक असली, तर उंदरांनी कुरतडलेली किंवा दारात चेंगरलेली जागा शोधावी.

एक गंमत सांगतो. ४, ५, ७ किंवा ८ यांपैकी एखादी तार तुटली, तरी काम कधी कधी चालू राहते, पण सावकाश. कारण १०० मेगाबिटच्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात. हजार मेगाबिटला आठही लागतात.

पण दिव्यावर आंधळा विश्वास नको. टेस्टर तार सलग आहे की नाही एवढेच सांगतो, वेग सांगत नाही. जोड्यांची सरमिसळ झाली असली, तरी साध्या टेस्टरचे दिवे बिनचूक लागतात. म्हणून रंगांचा क्रम डोळ्यांनीही पडताळावा. तारेची लांबी १०० मीटरच्या आत असावी.

गुरुजी, हे काम एकट्याने करू नका. एका टोकाला एक मुलगी, दुसऱ्या टोकाला एक मुलगा उभा करा, आणि दिव्यांचे आकडे मोठ्याने म्हणायला सांगा. तार तर दुरुस्त होईलच. शिवाय तर्क करीत दोष शोधावा कसा, हा धडाही मुले गिरवतील.