हौसेचे तळे आणि खालचे गाव

कोल्हापूरकरास तळ्याचे वेड नवे नाही. रंकाळ्याच्या काठी एखादी संध्याकाळ घालविली नाही असा माणूस या शहरात सापडणे कठीण, आणि पावसाळ्यात कळंबा भरला की नाही याची चौकशी घरोघर होते. हे तलाव सर्वांचे आहेत. अलीकडे मात्र सुखवस्तू मंडळींना स्वतःचे असे खाजगी तळे असावे असे वाटू लागले आहे. शहराबाहेर डोंगरउतारावर जमीन घ्यावी, ओढ्यास आडवा मातीचा बांध घालावा, साठलेल्या पाण्यात नाव सोडावी आणि काठावर पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधाव्यात, असा हा थाट असतो. या हौसेस आमची हरकत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, बांधाच्या खाली जी वस्ती आहे तिच्या वतीने त्या बांधाकडे पाहतो कोण?

कायद्यास विचारले तर उत्तर समाधानकारक मिळत नाही. संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा अधिनियम केला. पंधरा मीटरांहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे त्यांची लांबी, साठा अथवा पुराचा विसर्ग विशिष्ट मर्यादेस पोहोचल्यास किंवा पाया अथवा रचना असाधारण असल्यास येतात. या मर्यादेत बसणाऱ्या धरणाचा मालक खाजगी असला तरी त्यास सूट नाही, हे योग्यच झाले. परंतु सात-आठ मीटरांचा बांध या चाळणीतून अलगद खाली पडतो. मोठ्या धरणांपासून आरंभ करावा हे धोरण समजण्यासारखे आहे; त्यावरून लहान बांध निर्धोक आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अवघे एक एकर क्षेत्राचे आणि सरासरी तीन मीटर खोलीचे तळे घेतले, तरी त्यात सुमारे १२ हजार टन पाणी असते. रात्रीच्या वेळी ते एकदम ओढ्यात उतरले, तर ओढ्याकाठच्या घराला त्याचा आकडा लहान वाटणार नाही.

याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतलेला आहे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातील मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव फुटला. एका स्त्रीचा जीव गेला, जनावरे वाहून गेली, उभी पिके मातीसह खरवडून निघाली. तलाव सरकारी होता, त्याच्या गळतीविषयी गावकऱ्यांची तक्रार होती, आणि तरीही हे घडले. तत्पूर्वी दोनच वर्षे, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाने वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. तेव्हा एका मंत्रिमहोदयांनी दोष खेकड्यांवर ठेवला होता. खेकडे बिळे करतात हे आम्हांस मान्य आहे. बांधाची तपासणी करावयाची असते ती त्यासाठीच! जेथे सरकारी खाते, अभियंते आणि दप्तर आहे तेथे ही स्थिती, तर जेथे केवळ एक रखवालदार आणि एक माळी आहे तेथे काय असेल?

हौसेच्या तळ्याने किती अनर्थ होऊ शकतो याचे सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हानिया राज्यात कालव्यासाठी बांधलेले आणि पुढे निरुपयोगी ठरलेले साउथ फोर्क येथील मातीचे धरण १८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांच्या मृगया-मंडळाने घेतले. कार्नेगी आणि फ्रिक यांच्यासारखे पोलादसम्राट त्याचे सभासद होते. तळातून पाणी सोडण्याच्या नळ्या पूर्वीच्या मालकाने काढून टाकल्या होत्या. मंडळाने त्या पुन्हा बसविल्या नाहीत. घोडागाड्या सुखाने जाव्यात म्हणून धरणाचा माथा खाली उतरविला, आणि तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहू लागले, धरण फुटले, आणि सुमारे बावीस किलोमीटर खालच्या जॉन्सटाउन नगरात व वाटेवरच्या वस्त्यांत २,२०९ माणसे मेली. मंडळास न्यायालयात एक पैचीही भरपाई द्यावी लागली नाही.

यातील प्रत्येक चूक आपल्याकडे सहज होण्यासारखी आहे. मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेले की टिकत नाही. म्हणून सांडवा हा त्याचा प्राण. पाणी ठराविक पातळीस आले की राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, ही गोष्ट येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. मग खाजगी तळ्याच्या सांडव्यावर फरसबंदी करून खुर्च्या मांडणाऱ्यास ती ठाऊक नसावी काय? शोभेसाठी बांधावर लावलेली झाडेही अशीच: त्यांची मुळे कुजली की पाण्यास आयती वाट मिळते. आणि पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ असते तोवर फार भय नसते. ते गढूळ झाले की बांधाच्या पोटातील माती वाहून चालली असे समजावे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न न्यायालयांपुढे फार पूर्वी आला आहे. इंग्लंडात एका गिरणीमालकाचे तळे फुटून शेजारच्या कोळशाच्या खाणीत पाणी शिरले, तेव्हा १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मालकास जबाबदार धरले. पुढे मद्रास इलाख्यात कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले. परंतु १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने हा नियम त्यास लावला नाही. कारण ते तलाव रयतेच्या शेतीसाठी पूर्वापार चालत आलेले होते, आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. हा भेद आम्हांस मार्मिक वाटतो. जे तळे रयतेसाठी आहे त्याच्या रक्षकास थोडी क्षमा असू शकेल. जे केवळ आपल्या सुखासाठी बांधले त्याच्या मालकास ती कशी मागता येईल?

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी तलाठ्यांकरवी प्रत्येक गावातील खाजगी बांधांची यादी मागवावी; मालकाचे नाव, बांधाची उंची, सांडव्याची रुंदी आणि खालच्या पहिल्या वस्तीचे अंतर तीत असावे. ज्या बांधास सांडवा नाही, तो मृग लागण्यापूर्वी मोकळा करून घ्यावा. बाकीच्यांची पाहणी पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याने मालकाच्या खर्चाने करावी. ही यादी कचेरीच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, आणि बांधाच्या रखवालदाराजवळ खालच्या गावच्या सरपंचाचा व पोलीस पाटलाचा दूरध्वनी क्रमांक असावा. मध्यरात्री पाणी गढूळ दिसले, तर त्याने मालकास उठविण्यापूर्वी त्यांना उठवावे.