गाडी तीच, पॉलिसी तीच, पण चालवणारा बदलला? विमा कंपनीला सांगितलंत का?



धंदा सुरू करताना आपण काय काय बघतो? उद्यम नोंदणी, जीएसटी लागतो की नाही, बँकेत चालू खातं, व्हिजिटिंग कार्ड, व्हॉट्सअॅपचा बिझनेस नंबर. गाडी मात्र बऱ्याचदा घरात आधीच उभी असते, म्हणून ती यादीत येतच नाही. बाबांनी घेतलेली वॅगन-आर किंवा भावाची इको. उद्यापासून तीच गाडी अंबरनाथ एमआयडीसीत डबे पोहोचवणार, उल्हासनगरच्या कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे बदलापूरला आणणार, पहाटे कुणाला विमानतळावर सोडणार.

विम्याचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आहे ना, मार्चपर्यंत आहे."

इथंच घोळ होतो. विमा *असणं* वेगळं आणि विमा *लागू होणं* वेगळं. तुम्ही पॉलिसी घेतली तेव्हा गाडी कुणाच्या नावावर होती, कोण चालवत होतं आणि कशासाठी वापरली जात होती, यावर ती बेतलेली असते. वर्षभरात यातलं काहीही बदललं आणि कंपनीला कळवलं नाही, तर हप्ता भरूनही क्लेमच्या वेळी हातात काही न येण्याची शक्यता असते. धंद्याचं पहिलं वर्ष चालू असताना तीन-चार लाखांचा असा फटका बसला, तर धंदाच बंद पडतो.

तर आज हाच विषय. काय बदललं तर कळवायचं, कसं कळवायचं आणि त्याला किती खर्च येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू

काही जण इंग्लंडमधले व्हिडिओ बघून विचारतात, "सर, पॉलिसीत ड्रायव्हरचं नाव टाकावं लागतं ना?" तिकडे तशी पद्धत आहे. गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं पॉलिसीत असतात. गाडी खरं तर तरुण मुलगा चालवतो, पण हप्ता कमी यावा म्हणून मुख्य चालक म्हणून वडिलांचं नाव दिलं, तर त्याला तिकडे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि त्यावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आपल्याकडे नेहमीच्या पॉलिसीत अशी नावांची यादी नसते. पॉलिसीच्या कागदावर 'ड्रायव्हर्स क्लॉज' असतो. त्याचा साधा अर्थ: अपघाताच्या वेळी जो गाडी चालवत होता त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि त्याच्यावर बंदी आलेली नसावी.

मग आपण मोकळे झालो का? नाही. उलट जबाबदारी आपल्यावर आली. नावं विचारत नाहीत, म्हणून कोण चालवतंय यावर लक्ष ठेवायचं काम मालकाचं झालं.

बदल १: ड्रायव्हर ठेवलात

धंदा थोडा वाढला की पहिला माणूस आपण ठेवतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच. ओळखीतला, कात्रप किंवा बेलवलीचा, चांगला मुलगा. लायसन्स बघितलं, फोटो काढून ठेवला, विषय संपला.

विषय संपत नाही. सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर २०२० चा एक निकाल प्रत्येक गाडीमालकाने समजून घ्यावा असा आहे. ट्रकवरचा पगारी ड्रायव्हर कामावर असताना अपघातात जखमी झाला. नंतर कळलं की त्याच्या लायसन्सची मुदत जवळपास तीन वर्षांपूर्वीच संपली होती. भरपाई कुणी द्यायची? कोर्टाने सांगितलं, मालकाने. विमा कंपनीने नाही. कारण लायसन्स वेळेत रिन्यू झालंय का हे बघणं मालकाचं काम होतं.

नेमताना लायसन्स नीट तपासलं होतं आणि ते पुढे बनावट निघालं, तर कोर्ट मालकाची बाजू समजून घेतं, हे तत्त्व २००४ पासून आहे. पण मुदत संपल्याची तारीख लायसन्सवरच छापलेली असते. तिथे "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २०१९ च्या कायदा दुरुस्तीपासून ट्रान्सपोर्ट गाडीचं लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं आणि मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत बंद झाली. दुसरी बातमी आपल्या फायद्याची. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटारीचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे छोट्या टेम्पोवरच्या ड्रायव्हरकडे वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद नाही, एवढ्यावरून आता क्लेम अडवता येत नाही. पण फक्त दुचाकीचं लायसन्स असलेल्याच्या हातात टेम्पो द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

कंपनीला काय कळवायचं? पगारी ड्रायव्हर ठेवला आहे, हे. 'पेड ड्रायव्हर' म्हणून त्याची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत जोडून घेता येते. याचा जुना ठरलेला हप्ता एका ड्रायव्हरमागे वर्षाला ५० रुपये. बरोबर वाचलंत, पन्नास. त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात कव्हरही वेगळं घेता येतं.

बदल २: गाडी बाबांच्या नावावर, चालवता तुम्ही

ही आपल्याकडची घरोघरची गोष्ट. पॉलिसीत 'ओनर-ड्रायव्हर' साठी १५ लाखांचं अपघात कव्हर असतं. नावाकडे नीट बघा. हे कव्हर *मालक-चालकासाठी* आहे. तीन अटी एकत्र लागतात: आरसीवर नाव त्याचं, पॉलिसीत नाव त्याचं आणि चालू लायसन्सही त्याचं.

आता समजा, आरसीवर बाबांचं नाव आहे. बाबांनी गाडी चालवणं कधीच सोडलं, लायसन्सही रिन्यू केलं नाही. रोज डबे घेऊन कर्जतच्या रस्त्याला जाता तुम्ही. उद्या तुम्हालाच काही झालं तर ते १५ लाखांचं कव्हर तुमचं नाही. आणि बाबांचंही राहिलं नाही, कारण त्यांच्याकडे चालू लायसन्स नाही. घर ज्याच्या कमाईवर चालतं, त्याच्याच डोक्यावर छत्री नाही.

उपाय दोन. गाडी कायमची तुमच्याच धंद्यात राहणार असेल तर रीतसर स्वतःच्या नावावर करून घ्या. नाहीतर स्वतःचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या. पण "गाडीला कव्हर आहे" या भरवशावर राहू नका.

बदल ३: गाडीचा मालकच बदलला

पहिली धंद्याची गाडी आपण बहुतेक जण सेकंडहँड घेतो. विकणारा म्हणतो, "इन्शुरन्स अजून आठ महिने आहे, काळजी नको." अर्धं खरं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आला असं मानलं जातं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर आपोआप येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९० च्या दशकातच सांगितलंय. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही तुमचा होत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तेवढा फरक भरावा लागतो. आणि विकणाऱ्याने सुद्धा आरसीवरचं नाव बदललं याची खात्री करावी. नोंदीत नाव तसंच राहिलं तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्याच गळ्यात पडू शकते, असा २०१८ चा निकाल आहे.

याचा फरक कधी कळतो? २७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी म्हणजे गाडीचं स्वतःचं नुकसान. थर्ड पार्टीचा तिथे काहीच उपयोग नाही. नावावर न झालेली पॉलिसी अशा दिवशी नुसता कागद असते.

घरात मालकाचं निधन झालं असेल तर? पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोपर्यंत चालते. तेवढ्या काळात वारसाने आरटीओत, म्हणजे आपल्या कल्याणच्या एमएच-०५ ला, आणि विमा कंपनीकडे दोन्हीकडे नाव बदलून घ्यायचं. दुःखात हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एकाने जबाबदारी घ्यावी.

बदल ४: गाडी धंद्याला लावली

खासगी गाडीच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' अशी ओळ असते. भाड्याने प्रवासी नेणं आणि माल वाहून नेणं यात बसत नाही. सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं. म्हणजे चार जीन्स दुकानदाराला दाखवायला नेल्या तर ठीक, चाळीस जीन्सचा गठ्ठा विकायला आणला तर तो माल. शेजारच्या पोरांना महिन्याच्या पैशांवर शाळेत सोडलं, तर ते भाडं. पांढऱ्या नंबर प्लेटवर भाडं मारणं हा परमिटचाही भंग आहे, तो दंड वेगळाच.

"पण सर, कोर्टातून पैसे मिळतात ना?" कधी कधी मिळतात. खासगी पॉलिसीची गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणात २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की क्लेम पूर्ण नाकारू नये, 'नॉन-स्टँडर्ड' धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा. आता हिशोब करा. दुरुस्ती ४ लाखांची असेल तर हातात येणार जास्तीत जास्त ३ लाख, तेही वकील, तारखा आणि काही वर्षं गेल्यावर. तोपर्यंत डबे कोण पोहोचवणार?

वापर बदलणार असेल तर आधी आरटीओत गाडीचा प्रकार बदला, मग त्या प्रकारची पॉलिसी घ्या. हप्ता वाढेल. तो तुमच्या दरात धरा. डब्यामागे रुपया-दोन रुपये वाढवून जो खर्च वसूल होतो, तो लपवण्यासाठी अख्खी गाडी पणाला लावायची नसते.

जाता जाता: बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसीत आणि पॉलिसीत, दोन्हीकडे नोंद हवी.

कळवायचं कसं?

एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं होत नाही. एक ईमेल करा. मजकूर एवढाच:

"माझ्या पॉलिसी क्रमांक ___, गाडी क्रमांक ___ बाबत पुढील बदल दिनांक ___ पासून झाला आहे: ___. कृपया आवश्यक एन्डॉर्समेंट करून द्यावी व वाढीव हप्ता असल्यास कळवावा."

त्यानंतर कंपनीकडून *एन्डॉर्समेंट* चा कागद आल्याशिवाय थांबू नका. ईमेल गेला हा पुरावा आहे, पण कव्हर बदललं हे त्या कागदावरच कळतं.

सगळं कळवूनही क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात आणि एकट्या मालकीचे छोटे धंदेही जाऊ शकतात. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५.

आजचा होमवर्क

व्हिडिओ संपला की लगेच, चहा थंड व्हायच्या आत:

१. पॉलिसीची पीडीएफ उघडा. विमाधारकाचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच आहे का?
२. 'ड्रायव्हर्स क्लॉज' आणि 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' या दोन ओळी मोठ्याने वाचा.
३. गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या लायसन्सची शेवटची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका. रिमाइंडर दोन महिने आधीचा.
४. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याची नोंद पॉलिसीत आहे का बघा.
५. गेल्या वर्षभरात काही बदललं असेल तर वरचा ईमेल आजच पाठवा.

दुकानाचा पत्ता बदलला की आपण पहिल्यांदा ग्राहकांना कळवतो, कारण नाही कळवलं तर गिऱ्हाईक जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरेल. विमा कंपनीचंही तसंच आहे. तुमचा धंदा पुढे गेलाय, हे तिला तुम्हीच सांगायचंय.

भेटूया पुढच्या भागात. धंदा करा, पण कागद पक्का ठेवून!